खरजीची जवारी

“हात थांबव जरा,” अब्बा म्हणाले. “आणि ऐक.”

मी तंबोऱ्याच्या खुंटीला पॉलिश मारत होते. चिंधी तशीच धरून ऐकायला लागले. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारच्या दुकानात कानस चालू होती. आणि अब्बांच्या मांडीवर आमची मांजर, खरजी, डोळे मिटून बसली होती. तिच्या घशातून घर्रर्र आवाज येत होता, मध्येच करकर व्हायची, मग पुन्हा घर्रर्र.

“काय ऐकू?”

“काय म्हणजे? जवारी खुलली की हिची!”

असं म्हणून ते इतके खुशीत हसले की मलाही हसू आलं. अम्मी गेल्यापासून अब्बांचं हसणं म्हणजे उन्हाळ्यातला नळ झाला होता. आला तर आला. त्यामुळे कशावर हसले हे तेव्हा मी बघितलंच नाही.

आम्ही मिरजेचे, तंबोरे करणारे. घरात आमची हिंदी, दुकानात मराठी, आणि भांडताना दोन्ही. मी आपलं सगळं मराठीतच सांगते. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावर जिथं टेकतात, त्या हाडाच्या पट्टीला घोडी म्हणतात. ती घोडी अशी घासायची की तार तिला जेमतेम चाटून जाईल. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोऱ्याचा तुकडा सरकवायचा. दोरा नेमक्या जागी आला की नुसतीच टण्ण वाजणारी तार गुंजायला लागते, एका तारेतून दहा सूर निघाल्यासारखे वाटतात. त्याला जवारी खुलली म्हणतात. दोरा कणभर इकडे झाला तर तार मुकी, कणभर तिकडे झाला तर खरखरते. ही जागा डोळ्यांना दिसत नाही. तिला कानच लागतो.

आणि तो कान मिरजेत दस्तगीर मिस्त्रींचा, म्हणजे माझ्या अब्बांचा. तंबोरा कुणाकडूनही घ्या, जवारी दस्तगीरकडून काढा, असं आमच्या गल्लीतले दुसरे कारागीरसुद्धा सांगायचे. तेही कुरकुरत सांगायचे, म्हणून ते खरं होतं.

खरजी अम्मीची. माळ्यावर आम्ही वाळलेले भोपळे रचून ठेवायचो, त्यातल्या एका फुटक्या भोपळ्यात ती अम्मीला सापडली. मूठभर पिल्लू, पण घुरघुरायला लागलं की भोपळा घुमायचा. खरज म्हणजे तंबोऱ्याची सगळ्यात जाड, खालच्या सुराची तार. अम्मीनं तिथल्या तिथं नाव ठेवलं. अब्बा तेव्हा मांजराला दुकानात फिरकू देत नसत. “तारांत नखं घालील,” म्हणायचे. अम्मी गेली, आणि चाळीसाव्या दिवसाच्या जेवणानंतर सगळे पाहुणे परतल्यावर खरजी सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. त्यांनी तिला उठवलं नाही. तेव्हापासून ती जागा तिचीच झाली. घरात आता अम्मीच्या हाताखाली वाढलेल्या दोघीच उरलो होतो, खरजी आणि मी, आणि मांडीवर बसायचं माझं वय गेलं होतं.

हा नवा आवाज सुरू झाला तो ईदच्या थोडा आधी. पहिल्यांदा मलाही काही वाटलं नाही. पण एका दुपारी खरजी माळ्याच्या शिडीखाली गाढ झोपली होती आणि आवाज चालूच होता. मांजर झोपलं की त्याचं घुरघुरणं थांबतं, हे मला तिला उशीशी घेऊन झोपल्यामुळं माहीत होतं. मी जवळ जाऊन बसले. श्वास आत जाताना करकर, बाहेर येताना घर्रर्र. मधूनच ती जागी व्हायची, मान लांब करायची, जमिनीला पोट लावायची आणि घशात काही अडकल्यासारखं खॅक खॅक करायची. बाहेर काहीच पडायचं नाही.

“केसाचा गोळा असेल,” फुफी म्हणाली. फुफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण खैरून. अम्मी गेल्यावर आमच्याकडेच राहायला आली होती आणि घरातल्या सगळ्या दुखण्यांवर तिच्याकडे तूप हा एकच इलाज होता. “चमचाभर तूप चाटव. सुरळीत होतंय बघ.”

“पण फुफी, झोपेतसुद्धा वाजतीय ती.”

“वाजू दे की. मांजर घुरघुरतं तेव्हा तस्बीह पढत असतं. अल्लाचं नाव घेणाऱ्याला अडवतात होय?”

तूप खरजीनं चाटलं. फुफीनं मोठ्या अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी बांगड्याचं डोकं खरजीनं नुसतंच हुंगलं, एकदा तोंडात धरलं आणि खाली ठेवलं. बांगड्याच्या डोक्यासाठी या मांजरानं एकदा माझ्या हाताला ओरबाडून रक्त काढलं होतं.

मी अब्बांना सांगितलं. ते घोडी घासत होते. खरजी मांडीवरच होती, आणि त्यांनी मान वाकवून हनुवटी तिच्या पाठीवर टेकवली होती.

“अब्बा, हिला दवाखान्यात नेऊ या.”

“कशाला?”

“आवाज बरा वाटत नाही मला.”

“तुला बरा वाटत नाही?” ते माझ्याकडे बघून असे हसले की मला माझ्या कानांची लाजच वाटावी. “आजारी जनावराचा आवाज बसतो, जुबी. हिचा उठलाय. गळा असा लागलेल्या गवयाला कुणी दवाखान्यात नेतं होय?”

आवाजाच्या बाबतीत त्या घरात त्यांच्यापुढं कुणी तोंड उघडत नव्हतं. त्यांनी बरं म्हटलं की बरं.

त्याच आठवड्यात विभाताई आल्या. सांगलीला त्यांचा गाण्याचा क्लास होता, आणि त्यांचे तंबोरे वर्षानुवर्षं अब्बांच्याच हातचे. या वेळी मात्र त्यांनी गवसणीतून तंबोरा काढला तो जरा चोरट्यासारखाच. मागच्याच महिन्यात जवारी काढून नेलेला तंबोरा होता.

“मिस्त्री, रागावू नका हं,” त्या म्हणाल्या. “पण जरा खरखरतोय.”

“खरखरतोय?” अब्बांनी तंबोरा घेतला, आडवा धरला, गाल भोपळ्याला लावला आणि तार छेडली. मी दारातच उभी होते. मला ती खरखर दारापर्यंत ऐकू आली. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी.

“झकास आहे,” अब्बा म्हणाले. “गोल जवारी आहे. तुमच्या पोरी तारेवर नखं मारत असतील.”

विभाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पॉलिशच्या बाटलीकडे. मग त्यांनी मांजराच्या डोक्यावर हात ठेवला आणि दचकून मागे घेतला.

“अगंबाई, हिला काय झालंय? किती धापतीय ही!”

“धापतीय?” अब्बांचा आवाज चढला. “ताई, आज तुमचा कान कुठं ठेवून आलात? तंबोरा खरखरतोय, मांजर धापतंय. गातीय ती!”

विभाताई उठल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, “तंबोऱ्याचं राहू दे, जुबेदा. मांजर दाखव कुणाला तरी. आमच्या क्लासशेजारी जनावरांच्या एक डॉक्टरीण आहेत.” त्यांनी पत्ता सांगितला. तंबोरा मात्र त्या तसाच घेऊन गेल्या नाहीत, अब्बांचा मान राखून ‘नंतर नेते’ म्हणाल्या आणि भिंतीला टेकवून ठेवून गेल्या.

त्या गेल्यावर अब्बा बराच वेळ पुटपुटत होते. हल्ली लोकांना कानच राहिला नाही, दोरासुद्धा पूर्वीसारखा मिळत नाही, वगैरे. मी एक कानस हातातून पाडली. ती फरशीवर ठणठणत गेली. एरवी कानस पाडली तर ते मला सात पिढ्यांसकट झोडपायचे. त्या दिवशी त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, फार दुखावलेत.

त्यानंतरच्या जुम्म्याला मी सकाळी दूध घेऊन आले तर खरजी उंबऱ्यावर बसलेली. पंजे पुढे रोवलेले, कोपरं बाहेर काढलेली, मान ताणलेली. आणि तोंड उघडं. कुत्रं उन्हात बसतं तसं. मांजराला असं तोंड उघडून श्वास घेताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मी दुधाची पिशवी तिथंच ठेवली, माळ्यावरून एक अर्धा कापलेला भोपळा काढला, त्यात जुनी गवसणी अंथरली आणि तिला अलगद उचलून ठेवलं. तिनं नखंसुद्धा काढली नाहीत.

“कुठं निघालीस?” अब्बा आतून आले.

“सांगलीला. डॉक्टरकडं.”

“मी सांगितलं ना...”

“तोंड बघा तिचं,” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी अब्बांवर ओरडले. “ऐकू नका! नुसतं बघा!”

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुंटीवरची टोपी घेतली आणि भोपळा माझ्या हातातून काढून घेतला.

“चल,” म्हणाले.

शेअर रिक्षात आम्ही दाटीनं बसलो. त्यांनी भोपळा छातीशी धरला होता, तंबोरा धरतात तसाच, आणि हनुवटी त्याच्या काठावर टेकवली होती. समोरची बाई म्हणाली, “काका, केवढ्यानं वाजतंय हो हे!” ते नुसतेच हसले. त्या हसण्यात पहिल्यासारखी खुशी नव्हती. पण थोडी होती. अजून होती.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक, फार न बोलणाऱ्या. त्यांनी खरजीला टेबलावर घेतलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्या राखेसारख्या झाल्या होत्या. मग त्यांनी छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

“घुरघुरतीय ती,” अब्बा म्हणाले. “त्यामुळं तुम्हाला काही कळायचं नाही.”

“बघू या,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी बेसिनचा नळ सोडला. “मांजर घुरघुरत असेल तर पाण्याच्या आवाजानं बहुतेक वेळा थांबतं. आम्ही असंच करतो, म्हणजे छाती ऐकू येते.”

पाणी धो धो पडत राहिलं. खरजीनं मान किंचित वळवून नळाकडे पाहिलं. आवाज थांबला नाही. घर्रर्र. करकर. घर्रर्र.

बाईंनी नळ बंद केला.

“हे घुरघुरणं नाही,” त्या म्हणाल्या. “हा तिचा श्वास आहे. घशात मागच्या बाजूला काहीतरी वाढलंय, गाठ असावी. त्यातून हवा घासून जाते, तोच हा आवाज. आधी तिला ऑक्सिजनवर ठेवते, मग भूल देऊन बघते. भूल झेपेल का, हे आता सांगता येत नाही.” टेबलाखालचं ऑक्सिजनचं नळकांडं पुढे ओढत, आमच्याकडे पाठ करून, त्यांनी विचारलं, “हिचा आवाज कधी बदलला?”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणाल्या?”

“आवाज कधी बदलला विचारतायत.”

“बदलला नाही, बाई,” अब्बा म्हणाले. समजावून सांगितल्यासारखं, गिऱ्हाइकाला सांगायचे तसं. “उघडला. आमची बेगम गेली ना, तेव्हापासून मुकी झाली होती ही. वर्ष झालं. मांडीवर बसायची रोज, पण हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, दुःख हिलाही असेलच की. आता ईदच्या आधी कुठं परत बोलायला लागली.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

खरजी एक दिवसही मुकी नव्हती. ते वर्षभर ती माझ्या उशीशी घुरघुरली होती. त्यांच्या मांडीवर घुरघुरली होती, ते घोडी घासत असताना, मी शेजारी तारा चढवत असताना. मी रोज ऐकलं होतं. इतकं की त्यावर मला झोप लागायची. भोपळ्याला लावलेला गाल, मांजरावर टेकवलेली हनुवटी, फरशीवर ठणठणत गेलेली कानस, विभाताईंचा तंबोरा, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढं आलं.

“खरं का?” बाईंनी मला विचारलं. “मुकी होती?”

अब्बा माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या ओठांकडे.

“ईदच्या आधीपासून बदललाय आवाज,” मी एवढंच म्हणाले.

“तेव्हाच आणायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. “मांजर दुखणं लपवतं. झोपेत आवाज यायला लागला, खाणं सुटलं, उलटी न होता नुसतं खॅक खॅक चालू राहिलं, की दाखवायचं. आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं तर तासभरसुद्धा थांबायचं नाही. आवाज मोठा झाला म्हणजे बरं चाललंय असं नसतं, काका. वाट अरुंद झाली की आवाज मोठा होतो.”

हे मात्र अब्बांना ऐकू आलं. बाई आता समोर उभ्या होत्या आणि सावकाश बोलत होत्या. वाट अरुंद झाली की आवाज मोठा होतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तार घोडीला जास्त घासली की काय होतं, हेच तर ते जन्मभर ऐकत आले होते.

बाईंनी खरजीच्या तोंडाशी रबरी मास्क धरला. अब्बांनी तिचं डोकं आपल्या तळहातावर घेतलं. ती त्यांच्याकडे बघत होती. थोडा वेळ मला वाटलं, तिला आराम पडतोय. कोपरं आत आली. मान खाली आली. करकर गेली, नुसतं घर्रर्र राहिलं, मग तेही बारीक होत गेलं. बाई इंजेक्शन भरता भरता थांबल्या आणि त्यांनी पुन्हा छातीला नळी लावली.

अब्बा वाकले. कान खरजीच्या तोंडापाशी नेला. मग दुसरा कान नेला. मग वर बघून त्यांनी मला विचारलं, आणि आजही ते मला त्याच आवाजात ऐकू येतं, “जुबी, बारीक वाजतीय का? मला येईना.”

“नाही, अब्बा,” मी म्हणाले. “थांबली.”

त्यांनी मान हलवली. हात मात्र काढला नाही. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. मी रडले, अगदी लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले, आणि माझ्याकडे बघून ते कळल्यावर अब्बांनी दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

खरजीला आम्ही दुकानामागच्या पेरूच्या झाडाखाली पुरलं, त्याच गवसणीत गुंडाळून. फुफीनं खड्ड्यावर पाणी शिंपडलं. त्या दिवशी तिनं कुणालाच तूप दिलं नाही.

पुढं बरेच दिवस अब्बा दुकानात यायचे, बसायचे, अवजारं पुसायचे. एकाही घोडीला त्यांनी हात लावला नाही. कुणी आलं तर, “दोरा चांगला मिळेना,” म्हणून परत पाठवायचे. जे दोघांनाही कळलं होतं ते बोलून कुणाला दाखवायचं?

मग एका दुपारी त्यांनी भिंतीला टेकवलेला विभाताईंचा तंबोरा उचलला. गवसणी काढली, तारा सैल केल्या, घोडी पुन्हा घासली. हात तेच होते, सफाई तीच. तारा चढवून झाल्यावर दोऱ्याचा तुकडा ओला करून तारेखाली घातला, आणि तंबोरा आपल्याकडे न घेता माझ्याकडे वळवला.

“तू छेड. मी सरकवतो. तू सांग.”

“मला नाही यायचं, अब्बा.”

“येतंय. तुला ऐकू आली होती की खरजी. तू म्हणालीस बरं वाटत नाही, तेव्हा मी हसलो होतो.”

मी तार छेडली. त्यांनी दोरा पुढे सरकवला. तार मुकी झाली. मी मान हलवली. त्यांनी मागे घेतला. खरखरली. मी पुन्हा मान हलवली. ते तारेकडे बघतच नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. दोरा त्यांच्या अंगठ्याखाली कणाकणानं सरकत होता. आणि मग खोलीभर तो सूर पसरला, गोल, मऊ, खालून वर चढत गेलेला. माळ्यावरचे भोपळेसुद्धा हलकेच घुमायला लागले. अम्मीला सापडली तेव्हा खरजी भोपळ्यात कशी घुमत होती, ते आठवून माझे डोळे भरले.

“खुलली?” त्यांनी विचारलं.

“खुलली.”

त्यांनी चिमटीतला दोरा सोडला. तार वाजत राहिली. मी वाजवतच राहिले, कारण थांबले तर त्यांना कळणार नाही अशी मला उगाचच भीती वाटली. आज त्या दुकानात मी एकटी बसते, जवारीला लोक माझ्याकडे येतात, आणि दोरा जागेवर आला की मी अजून समोर कुणाचा तरी चेहरा शोधते.

“जुबी,” त्या दुपारी तार वाजत असतानाच अब्बा म्हणाले. “शेवटी शेवटी खरजी खरखरत होती, व्हय गं?”

“हो, अब्बा.”

“मला फार गोड लागलं,” ते म्हणाले. “मला वाटलं, परत बोलायला लागली माझ्याशी.”